कॅप्चा भरून देणारं एक्स्टेंशन : भाचीसाठी कानमंत्र

बाळ,

सीएच्या ऑफिसात लागलीस आणि महिन्याची २० तारीख काय चीज असते ते तुला पहिल्याच फटक्यात कळलं. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांच्या जीएसटीआर-३बीची शेवटची मुदत, एकामागून एक क्लायंटचं लॉगिन, आणि प्रत्येक लॉगिनला तो वाकड्यातिकड्या आकड्यांचा चौकोन. हा ५ की ६, हा १ की ७ हे बघून बघून डोळे चुरचुरायला लागले, म्हणून ब्राउझरमध्ये कॅप्चा आपोआप भरणारं एक्स्टेंशन घातलंस. घातलंस ते घातलंस, मी काही रागवत नाही. फक्त पुढचं नीट वाच. जेवता जेवता वाचलंस तरी चालेल, ती तुझी सवय काही सुटणार नाही.

१. आधी विचार, की तो आकडा वाचतं कोण – काही एक्स्टेंशनं चित्र तुझ्याच संगणकावर वाचतात, काही ते दूरच्या सर्व्हरवर पाठवून उत्तर मागवतात. दुसऱ्या प्रकारात तुझ्या पानावरून काहीतरी बाहेर जातंय. ते नेमकं किती आणि काय, हे त्यांच्या प्रायव्हसी पॉलिसीत सापडलं नाही तर ते एक्स्टेंशन आपल्या कामाचं नाही.

२. बसवताना ‘सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी मागितली, तर तिथे थांब – मीटर वाचायला आलेल्या माणसाच्या हाती कोणी कपाटाच्या किल्ल्या देत नाही. ही परवानगी दिली की त्याला कॅप्चाशेजारचा युजरनेम दिसतो, पासवर्डही दिसतो आणि बँकेचं पानही दिसतं.

३. क्रोममध्ये एक्स्टेंशनच्या चिन्हावर उजवी क्लिक कर आणि साइट अॅक्सेस ‘ऑन क्लिक’वर ठेव, किंवा ज्या एका पोर्टलसाठी हवंय तेवढंच नाव दे – मग तू बोलावशील तेव्हाच, किंवा त्या एका पोर्टलवरच, ते पान वाचेल. दोन मिनिटांचं काम आहे, आणि फार मोलाचं.

४. ऑफिसच्या पोर्टलांसाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल कर. तुझी बँक, तुझा मेल, तुझे फोटो दुसऱ्या प्रोफाइलमध्ये – एका प्रोफाइलमधलं एक्स्टेंशन दुसऱ्यात डोकावत नाही. कामं वेगळी, खिडक्या वेगळ्या. रात्रीची झोप निवांत.

५. सरांना सांग. क्लायंटचा पासवर्ड ना तुझा, ना सरांचा. तो त्या दुकानदाराचा आहे, आणि त्याच्या लॉगिनमध्ये आपण कुठलं हत्यार वापरतोय हे विचारायचा हक्क त्याला आहे – उद्या काही बिनसलं तर ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायची पाळी सरांवर येऊ नये.

६. फुकट आहे म्हणून हुरळू नकोस – सर्व्हरचं भाडं कोणीतरी भरतंच. फुकट राबणाऱ्याचा पगार कोण देतो, ते पहिल्या दिवशी विचारावं.

७. विकतची सेवा घेतलीस तर खात्यात थोडकेच पैसे टाक, आणि तिची एपीआय की पासवर्डइतकीच जप – की ज्याच्या हाती गेली, तो तुझ्या पैशावर आपले कॅप्चा सोडवून घेतो. स्क्रीनशॉट ऑफिसच्या ग्रुपवर टाकायची तुला भारी हौस. त्यात की दिसत नाहीये ना, एवढं बघून टाक.

८. आणि त्या विकतच्या सेवेमागे माणसं असतात, हे विसरू नकोस. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी २०१० मध्ये या धंद्याचा अभ्यास केला, तेव्हा हजार कॅप्चा सोडवणाऱ्याच्या हाती कधी कधी जेमतेम अर्धा डॉलर मजुरी पडत होती. आता बरंचसं काम सॉफ्टवेअर करतं, तरी माणसं सुटलेली नाहीत. म्हणून जो कॅप्चा स्वतःला सहज वाचता येतो तो स्वतःच भर – तुझे चार सेकंद वाचवायला कुणाचे डोळे इतक्या स्वस्तात जाळायचे, हे मला पटत नाही.

९. एक्स्टेंशन एकदा तपासून घेतलं म्हणजे कायमचं तपासलं, असं नसतं – ते गुपचूप आपोआप अपडेट होतं, आणि मालक बदलला तरी चिन्ह तेच राहतं. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं लाखो लोकांचं आवडतं एक्स्टेंशन विकलं गेलं, आणि २०२१ मध्ये त्यात घातक भाग आहे म्हणून गूगलला ते काढून टाकावं लागलं. २०२४ च्या नाताळात तर सायबरहेवन या सुरक्षेचंच काम करणाऱ्या कंपनीच्या एक्स्टेंशनची बनावट आवृत्ती चोरांनी चढवली. तिथल्या एका कर्मचाऱ्याला फसव्या मेलने गाठून. तेव्हा एक्स्टेंशन अचानक नवी परवानगी मागायला लागलं तर ‘ओके’ दाबायच्या आधी वाच. कालचा भरवसा आज पुन्हा तपासावा.

१०. २० तारखेचं काम १५ला उरक – पोर्टलने कॅप्चाची तऱ्हा बदलली की एक्स्टेंशन मुकं होतं, आणि ते नेमकं शेवटच्या संध्याकाळी कळतं. उशिराला दिवसाला ५० रुपये, निरंक रिटर्न असलं तरी २०, आणि कर थकला तर १८ टक्क्यांनी व्याज. हे क्लायंटच्या खिशातून जातं.

११. रेल्वेच्या तत्काळ तिकिटाला हे लावायचा मोह धरू नकोस, मामेभावाने कितीही गळ घातली तरी. सकाळी १०ला एसीची आणि ११ला बिगर-एसीची खिडकी उघडते, तेव्हा आपल्यासारखीच हजारो माणसं स्वतःच्या बोटांनी आकडे भरत असतात – यंत्र पुढे घुसलं की त्यांच्यातल्या कुणाची तरी आजारी आईकडे जायची गाडी हुकते. त्यापुढे जाऊन परवान्याशिवाय लोकांना तिकिटं काढून द्यायचा धंदा केला, तर रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

१२. सॉफ्टवेअर टेस्टिंगला असलेल्या तुझ्या भावालाही एक निरोप दे : स्वतःच्या कंपनीची साइट तपासायला कॅप्चा फोडणारी सेवा लागत नाही – गूगल आपल्या रीकॅप्चा या कॅप्चासाठी चाचणीची वेगळी की देतं, ती घातली की प्रत्येक तपासणी पास होते.

१३. आता सगळ्यात महत्त्वाचं, इथे जेवण बाजूला ठेव. खऱ्या कॅप्चाचं काम ब्राउझरच्या पानातच संपतं : आकडे लिही, चित्रं निवड, चौकोनात टिक कर. पण २०२४ पासून खोट्या कॅप्चांची साथ आली आहे. ‘मी रोबोट नाही’ असं बटण असतं, ते दाबलं की पान म्हणतं, खात्री पटवायला विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तू बटण दाबलंस त्याच क्षणी पानाने एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते, आणि या तीन पायऱ्यांत ती तू स्वतःच्या हाताने संगणकाला देतेस. पुढे ब्राउझरमधले साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन चोराकडे – ऑफिसात बसून केलंस तर सगळ्या क्लायंटचे. ‘फुकट कॅप्चा सॉल्व्हर’ असं शोधत भलत्याच पानांवर गेलेली माणसं यात आयती सापडतात. पानाबाहेरची बटणं दाबायला सांगणारा कॅप्चा खोटाच. खिडकी बंद कर आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीलाही सांग.

१४. आजोबांच्या लॅपटॉपवर मात्र हे जरूर बसव – मोतीबिंदूनंतर त्यांना ती चित्रं दिसत नाहीत, आणि पेन्शनच्या कामासाठी दर वेळी शेजारच्या पोराला हाक मारणं त्यांच्या मनाला लागतं. आधी कॅप्चाजवळचं आवाजाचं चिन्ह दाखव. तेही ऐकून कळेना, तर रीकॅप्चाचा आवाज ऐकून उत्तर भरणारं ‘बस्टर’ हे खुल्या स्रोताचं एक्स्टेंशन आहे. दिसत नाही म्हणून माणूस दाराबाहेर राहावा, हा कॅप्चाचा हेतू नव्हताच. डिजिटल सेवा सगळ्यांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानेही ३० एप्रिल २०२५ ला सांगितलंय. आजोबांना हे वाचून दाखव, त्यांना बरं वाटेल.

१५. कधी शंका आलीच, म्हणजे न केलेलं लॉगिन दिसलं किंवा नको असलेली पानं उघडायला लागली, तर आधी एक्स्टेंशन काढ, मग दुसऱ्या संगणकावरून पासवर्ड बदल, मग सरांना सांग – याच क्रमाने, कारण एक्स्टेंशन असताना बदललेला पासवर्डही त्याला दिसतो. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन कर, रात्र असली तरी. पैसे जितके ताजे गेलेले, तितके अडवता येण्याची शक्यता जास्त.

उद्या ऑफिसात पोचलीस की चहाच्या आधी ब्राउझरमधली एक्स्टेंशनांची यादी उघड. जे कशासाठी घातलं ते आठवत नाही, ते काढून टाक; कॅप्चावालं ‘ऑन क्लिक’वर आण. झालं की मला फोन कर. आणि आजोबांकडे रविवारी जाणार असशील तर त्यांचा चार्जर घेऊन जा, तो माझ्याकडेच राहिलाय.

– तुझी मावशी