वाचकांचे प्रश्न : पाकिटातली जकात आणि मोबाइलवरची जकात

प्रश्न : आम्ही खेड तालुक्यातले कोकणी मुसलमान. माझ्या सासऱ्यांचे वय 78. गेली कित्येक वर्षे ते सत्ताविसाव्या रोजाला ओसरीवर बसून जकातीची पाकिटे भरतात. गेल्या रमजानमध्ये ते दवाखान्यात होते, म्हणून सगळ्या घराची जकात माझ्या मुलाने पुण्याहून एका ट्रस्टला मोबाइलवरून पाठवली. पावती आली, करही वाचेल म्हणाला. ईदच्या आदल्या दिवशी वाडीच्या टोकाला राहणारी एक बेवा बाई आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि काही न बोलता परत गेली. अब्बांना हे कळल्यापासून ते नातवाशी धड बोलत नाहीत. मुलगा म्हणतो, आजोबांकडे ना हिशेब, ना पावती. त्यात माझी पुतणी लंडनला असते, तिचा पासपोर्ट ब्रिटिश. तिला गावच्या मदरशाला पैसे पाठवायचे आहेत. यात बरोबर कोण?
— एक वाचक भगिनी, जि. रत्नागिरी

उत्तर : ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पावतीबद्दल सगळे काही लिहून मोकळा झालो असतो, पण ती दारातून परत गेलेली बाई मनातून जाईना. म्हणून सुरुवात तिच्यापासून करतो.

जकात कोणाला द्यायची ते कुरआनाच्या सूरह तौबामध्ये सांगितले आहे. हकदारांचे आठ प्रकार आहेत आणि यादी गरीब व गरजवंत यांच्यापासून सुरू होते. आईवडील आणि मुले-नातवंडे यांना जकात देता येत नाही. गरजू भाऊ-बहीण, मावशी, आत्या यांना देता येते. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई मजहबाचे, आणि त्या मजहबात मालमत्ता जिथली, तिथल्याच हकदारांना जकात देण्यावर फार भर आहे. म्हणजे अब्बांचा आग्रह हा म्हातारपणाचा हट्ट नव्हे. त्यांच्या पैशांची जकात आधी वाडीतच जायला हवी होती. शिवाय दुसऱ्याची जकात भरायची तर त्याची परवानगी लागते. दवाखान्यात अब्बांना विचारले होते का? नसेल, तर ती फिटली की नाही हे जमातीच्या आलिमांना विचारून घ्या. तो निर्णय माझ्या अधिकारातला नाही.

आता पावती. इथे तुमच्या मुलाने थोडे थांबून पाहावे. त्याने नवी करप्रणाली निवडली असेल तर देणगीवरची वजावट मिळतच नाही. जुनी निवडली असेल, तरी दिलेली रक्कम करातून थेट वजा होत नाही. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीची निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, आणि तीही ठरावीक मर्यादेत. रोख 2,000 रुपयांपेक्षा जास्त दिले तर वजावट नाही. विशिष्ट धर्म किंवा जातीपुरत्याच काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेला या वजावटीसाठीची मान्यता सहसा मिळत नाही. सर्वांना दार उघडे असलेला दवाखाना किंवा शाळा चालवणाऱ्या ट्रस्टला मिळू शकते. म्हणून नुसत्या पावतीवर विसंबू नका. संस्थेने आयकर खात्याला कळवून दिलेले देणगीचे प्रमाणपत्र मागा.

आणि सर्वात महत्त्वाचे : पावती मुलाच्या नावावर, पण त्यात पैसा आजोबांचाही. वजावट त्याने फक्त स्वतःच्या रकमेपुरती मागावी. घरातला पैसा एक म्हणून सगळे आपल्या विवरणपत्रात दाखवणारी मुले माझ्याकडे दरवर्षी येतात. त्यांच्या मनात खोट नसते, पण दावा चुकीचाच ठरतो.

पाकिटावर मात्र कुठलीही करसवलत नाही. व्यक्तीला दिलेला पैसा कायद्याच्या भाषेत भेट आहे. घेणाऱ्याला नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून 50,000 रुपयांपेक्षा जास्त आले, तर सगळी रक्कम त्याचे उत्पन्न धरली जाते. वाडीतल्या मुलीची इंजिनीअरिंगची फी चार घरांनी मिळून भरली तर ही रेषा ओलांडली जाऊ शकते. तिचे एकूण उत्पन्न कमी असेल तर कर लागणार नाही, पण नोंद असू द्यावी.

हिशेबाच्या बाबतीत मी नातवाच्या बाजूचा आहे. जकात चांद्र वर्षाने मोजतात. ते वर्ष साधारण 354 दिवसांचे असते. मार्च आला की आयकराबरोबर जकातही उरकायची सवय तरुणांत वाढली आहे. तसे केले तर दरवर्षी सुमारे अकरा दिवस निसटतात. म्हणून इंग्रजी तारखेने हिशेब ठेवणारे काही जण जकातीच्या अडीच टक्क्यांऐवजी 2.577 टक्के धरतात. आर्थिक वर्षाशी तर हा हिशेब मुळीच जुळत नाही : 2024 चा सत्ताविसावा रोजा एप्रिलमध्ये आला, 2025 चा मार्चमध्ये, आणि एकाच आर्थिक वर्षात दोन जकाती बसल्या.

दागिन्यांबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी सांगतो. हनफी मजहबात अंगावरच्या सोन्याचीही जकात निघते. शाफईंत नेहमीच्या वापरातल्या, रिवाजाप्रमाणे असलेल्या दागिन्यांची निघत नाही. लग्नानंतर मालेगावची हनफी सून घरात आली की इथे हमखास वाद होतो. तिच्या दागिन्यांची मालक ती, तेव्हा निर्णयही तिचाच. बँकेचे व्याज गरिबाला देऊन टाकले तरी ते जकातीत धरले जात नाही, आणि विवरणपत्रात ते उत्पन्न म्हणून दाखवावेच लागते.

पुतणीला मात्र आजच फोन करून थांबवा. कुवेतमध्ये नोकरी करणाऱ्या भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत मदरशाला पैसे दिले तर ते विदेशी योगदान ठरत नाही. पासपोर्ट ब्रिटिश झाला की ठरते. मदरशाच्या ट्रस्टकडे विदेशी योगदानाची नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत त्यासाठीचे खाते नसेल, तर तो पैसा घेणे गुन्हा आहे, आणि त्यात अडकतील ते गावचे विश्वस्त. तिला ब्रिटनमधल्या नोंदणीकृत संस्थेला देता येईल. तिथे ती कर भरत असेल तर गिफ्ट एड या योजनेमुळे तिच्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून आणखी 25 पेन्स मिळतात.

तुमच्या घरात आता एवढे करा. मुलाने आपल्या पगाराची जकात पुण्यातल्या हकदारांना द्यावी. ट्रस्टला द्यायचीच असेल तर हा पैसा जकातीचा आहे हे लेखी कळवावे आणि तो कोणावर, कधी खर्च झाला ते विचारावे. अब्बांची जकात वाडीत राहू द्या. एका सुट्टीला नातवाने वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे आणि कोणाला, किती, का हे त्यांच्या तोंडून उतरवून घ्यावे. कोणाची बहीण कुठे दिली, कोणाचे कर्ज अजून फिटलेले नाही, कोण हात पुढे करत नाही, हे सगळे आज फक्त अब्बांना ठाऊक आहे. ती वही घरातच ठेवा. त्यातली नावे व्हॉट्सॲपवर जाऊ देऊ नका.

त्या बाईसाठी पुढच्या रमजानची वाट पाहायची गरज नाही. जकात वर्षात केव्हाही देता येते, येणाऱ्या वर्षाची आगाऊही देता येते. या आठवड्यात पाकीट भरा आणि अब्बांना चालवत असेल तर त्यांनाच घेऊन जा. नातू त्यांच्याबरोबर असू द्या.