आजीची काठी आणि मोमेंटचं गणित

फर्स्ट इयरला इंजिनिअरिंग मेकॅनिक्सचा पेपर देताना आपल्या सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न असतो : हे आयुष्यात कधी उपयोगी पडणार? मलाही तो पडला होता. उत्तर मिळालं वसईला, घरच्या ओट्यावर, आणि तेही आजीमुळे.

मागच्या पावसाळ्यात आजी बावखलाच्या वाटेवर शेवाळावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. वय चौऱ्याहत्तर. ऑपरेशन करून खुब्यात धातूचा गोळा बसवला. दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्टनी तिला वॉकर धरून उभं केलं. घरी आल्यावर मात्र आम्ही प्रेमापोटी घोळ घातला. "आजी, तू उठू नकोस." पाणी हातात, ताट पलंगावर. व्यायामाचा कागद फ्रिजवर लावला आणि तिथेच राहिला. तीन आठवड्यांनी जखम भरली होती, एक्स-रे छान होता, पण आजी उभी राहिली की पाय लटपटायचे. तपासणीच्या वेळी फिजिओथेरपिस्ट ताई म्हणाल्या, "सांधा नवीन बसवलाय, पण त्याची मोटर तुम्ही बंद ठेवलीत."

मोटर का बिघडते?

स्नायू वापरला नाही तर शरीर तो मोडीत काढतं. २००७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांतलं सरासरी जवळजवळ एक किलो मांस कमी झालं. हे धडधाकट माणसांचं! आजीला तर त्याआधी फ्रॅक्चर, ऑपरेशन आणि वेदना.

सांध्याच्या बाबतीत इंजिनिअरिंग खूप पुढे गेलंय. इंग्लंडमध्ये सर जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये स्टीलचा गोळा आणि पॉलिएथिलीनची वाटी वापरून आजच्या कृत्रिम खुब्याचा पाया घातला. त्याआधी त्यांनी टेफ्लॉनची वाटी वापरली होती, ती झिजली. गोळा त्यांनी मुद्दाम लहान, सुमारे २२ मिलिमीटरचा ठेवला. त्रिज्या कमी म्हणजे घर्षणाचा मोमेंट कमी. मेकॅनिकलवाल्यांनो, ओरलला सांगायला चांगलं उदाहरण आहे! पण स्नायू कारखान्यात बनत नाही. तो ज्याचा त्यालाच कमवावा लागतो.

एका पायावरचा हिशोब

चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. त्या वेळी कंबर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू, म्हणजे ग्लुटियस मिडियस, जोर लावतो. तो कमजोर असला की कंबर उचललेल्या पायाच्या बाजूला खाली जाते आणि चाल झोकांडते. जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये हे दाखवलं, म्हणून त्या चाचणीला त्यांचं नाव आहे.

आता फ्री बॉडी डायग्राम काढा. बळ न्यूटनमध्ये लिहायला हवं, पण आजीला किलो कळतात म्हणून किलोच घेऊ. आकडे ढोबळ आहेत.

आजीचं वजन ६० किलो. टेकलेला पाय साधारण १० किलोचा, म्हणजे खुब्यावर ५० किलो. हा भार सांध्यापासून १० सेंटिमीटरवर, तर स्नायूची ओढ दुसऱ्या बाजूला फक्त ५ सेंटिमीटरवर. म्हणून स्नायूला ५० गुणिले १० भागिले ५, म्हणजे १०० किलोचा जोर लावावा लागतो. सांध्यावर एकूण दाब १५० किलो, वजनाच्या अडीचपट!

आता काठी. आजी ती ऑपरेशनच्याच बाजूच्या हातात धरायची. दुखतं तिकडे आधार, हे कुणालाही पटेल. पण काठी उलट्या हातात हवी. तिथून सांध्याचं अंतर सुमारे ४० सेंटिमीटर. काठीवर फक्त ५ किलोचा भार दिला तरी २०० चा मोमेंट मिळतो. ५०० मधून २०० गेले, उरले ३००. स्नायूला आता ६० किलोच जोर पुरतो आणि सांध्यावर ६० अधिक ५० वजा ५, म्हणजे १०५ किलो. पाच किलोत पंचेचाळीस किलोची बचत!

मी हे वहीच्या मागच्या पानावर मांडून आजीला दाखवलं. ती म्हणाली, "गणित राहू दे, कुठल्या हातात धरू ते सांग."

मग मोटर चालू कशी करायची?

क्रम ताईंनी समजावला तो असा :

१. पहिले दिवस : पावलं वरखाली हलवणं (रक्त साकळू नये म्हणून), मांडीचा पुढचा स्नायू आणि नितंब आवळून पाच सेकंद धरणं, टाच गादीवरून सरकवणं.

२. त्यानंतर : खुर्चीतून उठबस, कट्टा धरून पाय बाजूला उचलणं. काही पद्धतींच्या ऑपरेशनमध्ये बाजूचा स्नायू सोडवून परत शिवलेला असतो. तिथे हा व्यायाम उशिरा सुरू करतात, म्हणून आधी विचारायचं.

३. शेवटी : आधार धरून एका पायावर उभं राहणं, जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि ऑपरेशनचा पाय आधी.

भार हळूहळू वाढवणं हे यातलं मुख्य तत्त्व. अमेरिकन लष्करातले डॉक्टर डीलॉर्म यांनी १९४५ मध्ये जखमी सैनिकांच्या उपचारासाठी ते मांडलं. जिममध्ये आपण वजन वाढवत जातो, त्याचं मूळही तिथेच सापडतं.

खुबा मागच्या बाजूने उघडला असेल तर सर्जन सांगतील तितके आठवडे मांडी घालणं, उकिडवं बसणं, पायावर पाय टाकणं बंद. जमिनीवर बसणाऱ्या आपल्या घरांत हे सगळ्यात कठीण. आम्ही उंच खुर्ची आणि कमोडची खुर्ची आणली. पोटरी सुजून दुखली, धाप लागली, जखमेतून पाणी आलं किंवा पाय अचानक आखूड वाटला तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टर गाठायचे.

हे शास्त्र आपल्या जवळच रुजलं. पोलिओच्या काळात, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईच्या केईएममध्ये फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं आणि १९५५ मध्ये हाजीअलीला अखिल भारतीय पुनर्वसन संस्था उभी राहिली.

आजी आता काठी घेऊन बावखलापर्यंत जाते. वाट आम्ही घासून ठेवली आहे. तीन आठवडे वाया घालवले नसते तर ती तिथे लवकर पोचली असती, ही रुखरुख आहे.

होस्टेलवर राहणाऱ्या आपल्याला घरच्यांची सेवा करता येत नाही, पण फोन करता येतो. घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर "आराम करा" म्हणून फोन ठेवू नका. "आजचा व्यायाम झाला का?" हेही विचारा. आणि काठी कुठल्या हातात आहे, तेसुद्धा.