कावळ्याचे घर, कोकिळाचा सूर

चैत्र महिना आहे. आंब्याला कैऱ्या लागल्या आहेत. आमराईतून आवाज येतो, "कुहू! कुहू!" आपण म्हणतो, कोकिळा गाते. खरे पाहता गातो तो नर. मादी नुसती किक्-किक् करते.

कोकिळा घरटे बांधत नाही. ती कावळ्याच्या घरट्यात गुपचूप अंडे घालते. कावळी ते उबवते. पिल्लू बाहेर आले की कावळा-कावळी त्याला भरवतात. पिल्लू दिवसभर कावकाव ऐकते. पण नर मोठा झाला की काय म्हणतो? कुहू! ते त्याला कोणी शिकवले नाही. ते जन्माबरोबर आले. यालाच उपजत म्हणतात.

मग सगळ्या पाखरांचे गाणे उपजत असते काय? नाही. बुलबुल, दयाळ, चंडोल, मुनिया ही पाखरे गानपक्ष्यांच्या कुळातली. या कुळातली पिल्ले गाणे ऐकून शिकतात. गंमत अशी, की शास्त्रज्ञ कावळ्यालाही याच कुळात धरतात. कोकिळेला धरत नाहीत!

आता दुसरा प्रश्न. पिल्लू कानावर पडेल ते सगळे उचलते काय?

पीटर मार्लर नावाच्या शास्त्रज्ञाने हे तपासले. अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचा प्रांत आहे. तिथे चिमणीएवढे एक पाखरू असते. त्याच्या डोक्यावर पांढरे पट्टे असतात. 1960 नंतरच्या काही वर्षांत मार्लर यांनी त्याची लहान पिल्ले एकेकटी वाढवली. त्यांना यंत्रावर गाणी ऐकवली.

काही पिल्लांना कोणतेच गाणे ऐकवले नाही. ती मोठेपणी वेडेवाकडे गाऊ लागली. काहींना आपल्या जातीचे आणि परक्या जातीचे, अशी दोन्ही गाणी ऐकवली. त्यांनी आपल्या जातीचेच उचलले. आपले कोणते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. म्हणजे पिल्लाच्या मनाला जन्मापासून एक कल असतो.

पण कल म्हणजे पुरे गाणे नव्हे. बारा कोसांवर भाषा बदलते, तशी या पाखरांची बोलीही गावोगावी बदलते. एका गावचे पिल्लू दुसऱ्या गावची बोली ऐकत वाढले, तर ते तीच बोली गाते. वाफा जन्माबरोबर मिळतो. त्यात पेरावे लागते.

हा कल किती चिवट असतो, ते 2009 साली दिसले. झेब्रा फिंच नावाचे एक पाखरू आहे. ते मूळचे ऑस्ट्रेलियाचे. शास्त्रज्ञांनी त्याचा एक नर एकटा वाढवला. तो वेडेवाकडे गाऊ लागला. मग त्यालाच पिल्लांचा गुरू केले. पिल्लांनी त्याचे गाणे घेतले, पण थोडे सुधारून घेतले. त्यांच्या पिल्लांनी आणखी सुधारले. तीन-चार पिढ्यांत गाणे पुन्हा रानातल्या पाखरांसारखे झाले!

मग कल कधी वळतच नाही काय? वळतो. आपल्याकडे ओढ्याकाठच्या गवतात लाल मुनिया असते. अमेरिकेत 1984 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी त्या पांढऱ्या पट्ट्यांच्या पिल्लांशेजारी जिवंत लाल मुनिया ठेवली. यंत्रावरचे परके गाणे न उचलणारी ही जात. पण शेजारच्या मुनियेचे गाणे काही पिल्लांनी उचलले. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. यंत्राने जे झाले नाही, ते जित्या सोबतीने झाले.

आता आपल्या लेकरांकडे पाहू. बोलण्याची ओढ लेकराला उपजत असते. पण मराठी बोलायचे की तेलुगू, ते कानावर पडेल त्यावर ठरते. परभणीचे तान्हे लेकरू तेलुगू घरात वाढले, तर तेलुगू बोलेल. म्हणून लेकराशी पुष्कळ बोलावे. त्याला ओव्या, गोष्टी ऐकवाव्या.

अक्षराचे मात्र वेगळे आहे. बोलणे ऐकून येते. लिहिणे-वाचणे तसे येत नाही. ते शिकवावे लागते, मग घर कोणाचेही असो. मी शाळेत होतो तेव्हा कितीतरी आया-बाप म्हणत, "गुरुजी, आमच्या रक्तातच विद्या नाही." मीही कधीकधी ऐकून गप्प बसे. ती माझी चूक झाली. अक्षर कोणाच्याच रक्तात नसते. ज्याला शिकवणारा भेटला, त्याला ते आले. तुम्हाला उशिरा भेटला, एवढेच.

पिल्लांना गाणे शिकायला थोडेच दिवस मिळतात. मार्लर यांच्या पाखरांत ते दिवस वयाच्या दहाव्यापासून साधारण पन्नासाव्या दिवसापर्यंत होते. माणसाला अक्षर शिकायला अशी मुदत नाही. हा धडा तुम्ही वाचलात, हाच त्याचा पुरावा.

विचार करा :
1. कावळ्याने वाढवलेला कोकीळ कुहू का म्हणतो?
2. पांढऱ्या पट्ट्यांच्या पाखरात उपजत काय आणि शिकलेले काय?
3. तुमच्या घरी कोणाला वाटते, की आपल्या रक्तात विद्या नाही? त्याला हा धडा वाचून दाखवा.