हातचं राखून निघा

मुलांनो, म्युनिक ते किर्गिझस्तानातलं ओश हा रस्ता नकाशावर बोटाने गिरवून तुमचा पाठ झाला असेल. अ‍ॅप आणि व्हिडिओंच्या बाबतीत तुम्ही आमच्या कितीतरी पुढे आहात, तेव्हा काय बघायचं ते मी सांगत बसत नाही. तुझे काका आणि मी त्या बाजूला व्हॅन घेऊन हिंडलो. डिझेल, पाणी, पैसे, व्हिसाचे दिवस आणि डोक्याची शांती, यांतलं काहीच तळाला जाऊ द्यायचं नाही, थोडं हातचं राखायचं, एवढं त्यातून कळलं. पुढचं सगळं त्याचेच पोटभेद.

गाडी कुणाच्या नावावर?

हे निघण्याआधी ठरवा. तुर्कस्तानात शिरताना गाडीची नोंद ती आणणाऱ्याच्या पासपोर्टवर होते. मग गाडी तिथेच ठेवून त्याला सहज विमानात बसता येत नाही, आधी कस्टमचे सोपस्कार करावे लागतात. ज्याच्या घरून ‘ताबडतोब निघून ये’ असा फोन येण्याची शक्यता जास्त, त्याच्या पासपोर्टवर गाडी चढवू नका. दुसऱ्याजवळ नोटरी केलेलं मुखत्यारपत्र आणि त्याचं रशियन भाषांतर असू द्या. दोघांनाही गाडी चालवता आली पाहिजे, हे वेगळं सांगायला नको.

विम्याचं ग्रीन कार्ड नीट वाचा. तुर्कस्तानचा रकाना खोडलेला नाही ना आणि बॉस्फरसच्या पलीकडचा, आशियातला भाग धरलाय ना, हे कंपनीकडून लेखी घ्या. जॉर्जियात ते कार्ड चालत नाही. तिथे २०१८ पासून परदेशी गाड्यांना स्थानिक विमा सक्तीचा आहे आणि तो सीमेवर मिळतो. कार्नेची, म्हणजे गाडीसाठीच्या कस्टम हमीपत्राची, गरज तुमच्या वाटेवर नाही. ते इराण, पाकिस्तान, भारत यांना लागतं.

व्हिसाचे दिवस

आम्ही गेलो तेव्हा बाकूजवळच्या अलातहून बोटीने कॅस्पियन ओलांडला. ती मालवाहू बोट. वेळापत्रक नाही, माल भरला आणि वारा पडला की सुटणार. अझरबैजानची जमिनीवरची सीमा २०२०मध्ये प्रवाशांना बंद झाली. तेव्हा आता जॉर्जियातून लार्सच्या नाक्याने रशियात उतरायचं आणि आस्त्राखानवरून कझाकस्तान गाठायचं. लार्सच्या अलीकडची ज्वारी खिंड सुमारे २,४०० मीटरवर आहे. बर्फ पडला किंवा दरड कोसळली की तो रस्ता बंद, आणि दुसरा रस्ता नाही. आपल्या भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात एका खेपेला १४ दिवस व्हिसाविना राहता येतं, पण ते दिवस बर्फ आणि रांगांसाठी थांबत नाहीत. नकाशा जेवढे दिवस सांगेल त्याच्या दीडपट धरा. नियम बदलत असतात, म्हणून प्रत्येक देशाच्या आधीच्या मुक्कामी ते पुन्हा तपासा.

नाक्यावर

हे कुठल्याच पुस्तकात मला सापडलं नव्हतं. मध्य आशियातल्या बऱ्याच नाक्यांवर चालवणारा गाडीबरोबर एका बाजूला जातो आणि शेजारी बसलेल्याला उतरवून पायी दुसऱ्या दालनातून पाठवतात. ताटातूट पाच मिनिटांची होईल, नाहीतर पाच तासांची. मला उतरवलं तेव्हा अंगावर पातळ सदरा होता आणि स्वेटर, पाणी, पैसे सगळं गाडीत. गाडी शेडखाली, कपाटं उघडून तपासणी चाललेली, आणि मी पत्र्याच्या मांडवाच्या पलीकडे वाऱ्यात. म्हणून नाका दिसायच्या आधी दोघांनी आपापली पिशवी खांद्याला अडकवायची: पासपोर्ट, फोन, थोडे डॉलर, पाणी, स्वेटर, दाण्याची चिक्की. भेटायचं कुठे तेही ठरवून ठेवा, पलीकडचं पहिलं चहाचं दुकान म्हणा.

डॉलरच्या नोटा कोऱ्या करकरीत हव्यात. घडी पडलेली किंवा शिक्का मारलेली नोट तिथे कुणी हातात घेत नाही. कोडीन किंवा ट्रामाडोल असलेल्या गोळ्या घरीच ठेवा. खोकल्याचं औषधही वाचून घ्या, जॉर्जिया आणि उझबेकिस्तान दोन्हीकडे यावर कडक नजर असते. ड्रोन तर उझबेकिस्तानात आणूच नका. भाजणी, तांदळाची पिठी, मेतकूट बिनलेबलच्या पिशवीत नेऊ नका. छापील पाकिटं किंवा रशियन चिठ्ठ्या चिकटवलेले डबे न्या, म्हणजे पांढऱ्या पुडीवरून तासभर जबाब द्यावा लागणार नाही.

डिझेल, पाणी, गॅस

टाकी अर्ध्यावर आली की भरायची. कझाकस्तानातलं बेयनेऊ सोडून उस्त्युर्तच्या पठारावरून उझबेकिस्तानातल्या कुंग्रादकडे निघालात की मैलोन्‌मैल काही नाही. उझबेकिस्तानात गाड्या मुख्यतः मिथेनवर पळतात, डिझेलचा पंप शोधावा लागतो. त्यामुळे कझाकस्तान सोडताना टाकी काठोकाठ भरलेली पाहिजे. गाडी युरो ६ची असेल तर अ‍ॅडब्लूचे, म्हणजे डिझेलचा धूर साफ करणाऱ्या द्रावणाचे, कॅन बरोबर घ्या. प्यायच्या पाण्याचा १० लिटरचा कॅन वेगळा ठेवा आणि त्याला भांडी घासायला हात लावू नका.

गॅसचं तोंड देशागणिक बदलतं, अडॅप्टरचा संच न्या. थंडीत प्रोपेन घ्या, ब्युटेन शून्याच्या आसपास वाफच धरत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. कितीही गारठा असला तरी शेगडी पेटवून ऊब घेत झोपायचं नाही. सोलापुरी चादर आणि गोधडी न्या.

पामीरवर

ताजिकिस्तानच्या ई-व्हिसासोबतच गोर्नो-बदख्शानची, म्हणजे पामीरच्या प्रांताची, परवानगी मागून घ्या, नंतर शोधत फिरू नका. खोरोग सुमारे २,१०० मीटर, मुरगाब ३,६००, आणि त्याच्या पुढची अक-बैताल खिंड ४,६५५. तीन हजाराच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये. डोकं ठणकून उलट्या व्हायला लागल्या तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. तिथे हट्ट करायचा नाही.

मुरगाबला पाणी जेमतेम ८८ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तास-तास बोटचेपीसुद्धा होत नाही. म्हणून छोटा कुकर न्या, आणि शिट्टी, गास्केट दुप्पट. चढावर लोणच्याच्या बरण्या फुगतात. झाकण एकदम फिरवलंत तर तेल थेट छतापर्यंत जातं, तेव्हा वर फडकं धरून हळूच हवा जाऊ द्या.

तुमचं दोघांचं

गाडी मागे घेताना जेवढी भांडणं होतात तेवढी पैशावरूनही होत नाहीत. एक जण मागे उभा राहून ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडतो, इंजिनात ऐकू येत नाही, मग ‘बस्स!’ यायच्या आत धप्पकन आवाज. खुणा ठरवा: पंजा हलला की ये, मूठ वळली की थांब. आरशात माणूस दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबवायची.

मुक्कामाच्या जागी दोघांपैकी एक जण ‘इथे नको’ म्हणाला तर निघायचं, कारण विचारायचं नाही. अंधार पडायच्या दोन तास आधी जागा शोधायला लागा, म्हणजे हे परवडतं. आणि गाडी नेहमी बाहेरच्या दिशेला तोंड करून लावा. मोठे निर्णय पोटात अन्न गेल्यावर. रोज एक तास प्रत्येकाचा स्वतःचा. चार पावलांच्या खोलीत तेवढी भिंत लागते.

कुणी चहाला बोलावलं तर जा. त्यांच्या रोट्या, नान, कधी उलट्या ठेवू नका, तो अपमान समजतात.

आणि दोघांच्या परतीच्या विमानाचे पैसे वेगळ्या खात्यात टाका. कंटाळा आला, पटेनासं झालं किंवा नुसतं घर आठवलं तरी त्यातून सरळ तिकीट काढा. ओश गाठलंच पाहिजे असं कुणाला लिहून दिलेलं नाही. ग्रीन कार्डचा फोटो अजून पाठवलेला नाहीत. आज रात्री पाठवा, तुझे काका भिंग घेऊन बसले आहेत.