समुद्राच्या वेळेनं

लहान मुलांना घेऊन कॅरॅव्हॅननं कोकण किनाऱ्यानं फिरायला मला मनापासून आवडतं. पेठेतल्या ओळखीच्या लोकांनी याबद्दल इतकं विचारलं, की जे पटलंय ते लिहूनच काढलं.

१. सामान बोळ ठरवतो. कसब्यातल्या आमच्या बोळात ही गाडी शिरत नाही. ती शनिवारवाड्याकडच्या मोठ्या रस्त्यावर थांबते आणि सगळं हातानं न्यावं लागतं. दोन खेपांत जाईल तेवढंच घ्यायचं. मुलांना कपडे कमी चालतात, बादली-फावडं मात्र हवंच.

२. ताम्हिणी घाट पहाटे, पोट हलकं असताना. मुलं अर्धवट झोपेत असली की वळणं बाधत नाहीत. उलटी झालीच तर सुके चुरमुरे आणि घोटभर पाणी, दूध नको. मागचा पलंग फक्त थांबलेल्या गाडीत वापरायचा. चालत्या गाडीत प्रत्येक मूल पट्ट्यात, कितीही रडलं तरी.

३. सुट्टीच्या तारखा पंचांग बघून ठरवा. हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आंजर्ल्याला एका काकांनी सांगितलं, "तिथीला पाऊणनं गुणा, भरतीची वेळ मिळेल." चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीला वाळू उघडी पडते ती भर दुपारच्या उन्हात, आणि संध्याकाळी मुलं खेळायला निघावीत तर पाणी वर आलेलं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उलटं. ओहोटी सकाळी-संध्याकाळी पाचच्या पुढेमागे येते, पाणी दूरवर हटतं आणि ऊन उतरलेल्या वेळी ओली, घट्ट वाळू मुलांच्या हाती लागते. किल्ले करावेत तर तेव्हाच. पण हेच दिवस उधाणाचे. पाणी जोरात फिरतं आणि उतरताना खेचतं, म्हणून मुलं घोट्याच्या वर पाण्यात नकोत आणि एक मोठं माणूस कायम त्यांच्या समुद्राकडच्या बाजूला हवं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट भरतीत बाजूलाच ठेवा. नेमक्या वेळा रोज गावात विचाराव्यात, पाऊणपट हा अंदाज आहे.

४. जंगलजेटी हा प्रवासाचा भाग समजा. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे गाडीसकट खाडी ओलांडता येते. लांबचा वळसा वाचतो आणि मुलांना बोटीत बसायला मिळतं. लांब, जमिनीलगत तळ असलेल्या गाडीला मात्र ओहोटीत त्रास होतो. पाणी खाली गेलं की उताराचा कोन वाढतो आणि गाडीचं मागचं टोक घासतं. शक्यतो भरतीच्या जवळ पोचा, आणि गाडी चढवण्याआधी मुलांना उतरवून हात धरून चालवत न्या.

५. दिवसाला एकच गाव. दिवेआगर, केळशी, गुहागर अशी यादी नकाशावर छान दिसते, पण तीन-चार वर्षांच्या मुलाला गावांची नावं नको असतात, त्याला तीच वाळू पुन्हा हवी असते. वाड्यांमधले रस्ते अरुंद, वर नारळाच्या झावळ्या आणि तारा. गाडीची उंची कागदावर लिहून काचेला चिकटवा.

६. रात्री उघड्या किनाऱ्यावर राहू नका. राज्यानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तरी मुलांसाठी एखाद्या घरगुती खाणावळीचं अंगण मला जास्त भरवशाचं वाटतं. "काकू, रात्रीपुरती गाडी लावू का?" असं विचारायचं, जेवण त्यांच्याकडेच घ्यायचं, पाण्याचे आणि न्हाणीघराचे पैसे आपणहून द्यायचे. मुलांना मऊ भात आणि वरण हमखास मिळतं. टाकीतली घाण खाडीत किंवा सुरूच्या बनात कधीही सोडायची नाही, ज्यांच्याकडे सोय आहे त्यांनाच विचारायचं.

७. गाडी वाळूवर उतरवू नका. चाकं रुततात आणि भरती थांबत नाही, हे एक कारण. दुसरं त्याहून मोठं. वेळाससारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जाणार असाल तर पिल्लं समुद्राकडे निघताना बघा, मुलांना पिल्लांच्या वाटेकडेला बांधलेल्या दोरीच्या अलीकडे बसवा आणि मोबाइलचा दिवा बंद ठेवा. कुठल्याही गावात गाडी रस्त्यावरच लावा आणि किनाऱ्यापर्यंत मुलांना चालत न्या.