तुसाला सूट नाही

पूर्व विदर्भात राइस मिलमागे तुसाचे ढीग नेहमीचेच. हा तूस मातीत कालवून चकती थापली आणि भट्टीत भाजली, की तूस जळून जातो आणि मागे बारीक छिद्रं उरतात. पाणी त्यांतून झिरपतं. गाळ आणि बरेचसे जीवाणू वरच अडतात. कुंभारांसोबत अशा सिरॅमिक मेम्ब्रेन करताना जे शिकलो, ते असं :

१. तूस आधी दळा, मग चाळा. छिद्राचा आकार तुसाच्या कणावर ठरतो. एक जाड काडी राहून गेली, तरी गढूळ पाणी नेमकी तिथूनच वाट काढतं.

२. धारेचा मोह नको. तूस वाढवला की पाणी भराभर उतरतं, पण चकती ठिसूळ होते आणि जंतूही निसटतात. ई. कोलाय जेमतेम १-२ मायक्रॉन लांबीचा! तासाला १ ते ३ लिटर पाणी घराला पुरतं.

३. भट्टीला घाई चालत नाही. आच एकदम वाढवली तर जळत्या तुसाच्या वायूने चकती तडकते. प्रत्येक भट्टीतली एक चकती मुद्दाम फोडून बघा. गाभा काळा दिसला, तर तूस पुरता जळलेला नाही.

४. नितळ म्हणजे निर्धोक नव्हे. गाळलेल्या पाण्याचा नमुना जंतू तपासायच्या एचटूएस बाटलीत भरून ठेवा. नमुना काळा पडला, तर ते गाळलेलं पाणी पिऊ नका. विषाणू या छिद्रांपेक्षा फारच लहान, म्हणून क्लोरीन किंवा उकळणं सोडू नका. चंद्रपूर-यवतमाळकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड विरघळलेलं आहे. ते ना या चकतीने अडतं, ना उकळून जातं. तिथे हा उपाय सांगूच नये.

५. टाकाऊ म्हणजे फुकट नव्हे. तूस मिलच्या बॉयलरलाही लागतो. शिवाय दळणं, भाजणं, तपासणं यांचा खर्च आहेच. २००९ साली बाजारात आलेल्या ‘टाटा स्वच्छ’ या जलशुद्धी यंत्रात तुसाचीच राख होती, पण तिच्यावर चांदीचे नॅनोकण बसवावे लागले.

६. चकतीसोबत मऊ ब्रश द्या, आणि घासायचं कसं ते करून दाखवा. साबण नको, नुसतं पाणी. बारीकसा तडा दिसला तरी चकती बाद.

७. गावासाठी आहे म्हणून कसोटी सैल करू नका. जे पाणी आपल्या तान्ह्या बाळाला पाजणार नाही, ते दुसऱ्याच्या घरी चालेल असं म्हणण्याचा हक्क आपल्याला नाही.