आसा राजाचे पाय आणि आपली मुले

शास्त्रपाठ : २ इतिहास १६:७-१२, २ शमुवेल ९

आसा राजाच्या पायांना रोग जडला व तो बळावला. तरी राजा परमेश्वराकडे न वळता वैद्यांकडेच गेला, असे आपण वाचतो. यावरून वैद्याकडे जाणे म्हणजे अविश्वास, असा अर्थ काही जण काढतात. परंतु मागील वचने पाहावीत. हनानी द्रष्ट्याने दोष दाखवताच आसाने त्याला बंदीत टाकले होते. देवाकडे फिरवलेली पाठ आजारातही तशीच राहिली. दोष तेथे आहे. हिज्कीयाच्या गळवावर अंजिराचा लेप लावण्यास यशयानेच सांगितले (यशया ३८:२१), आणि पौलाचा सोबती लूक वैद्यच होता (कलस्सै ४:१४).

हा भेद कळणे कधी मुलाच्या जिवाशी येते. दहा ते वीस या वाढीच्या वयात क्वचित हाडाचा कर्करोग होतो. ऑस्टिओसार्कोमा व युइंग सार्कोमा हे त्याचे दोन मुख्य प्रकार. ऑस्टिओसार्कोमा बहुधा गुडघ्याजवळ होतो. पावलात हे दोन्ही रोग विरळ, म्हणूनच तेथे लवकर ओळखू येत नाहीत. टाच सुजली की मुरगळली असेल किंवा पू धरला असेल, असे वाटते. मग तेल चोळणे, हाडवैद्याकडून बांधून घेणे यांत महिने जातात.

दुखणे रात्री वाढत असेल, विसाव्यानेही थांबत नसेल, दोन-तीन आठवड्यांत सूज उतरत नसेल, मूल लंगडत असेल, तर चोळू नये, चिरा देऊ नये. आधी एक्स-रे काढावा. शंका आल्यास हाडाचा तुकडा काढून करायची तपासणी, पुढील उपचार जेथे होणार तेथेच करावी.

सन १९७० पूर्वी पाय कापूनही बहुतेक मुले वाचत नसत, कारण रोगाचे कण आधीच फुप्फुसांत पोहोचलेले असत. केमोथेरपी आल्यावर चित्र पालटले. रोग पसरण्यापूर्वी पूर्ण उपचार मिळाल्यास आज दहापैकी सहा-सात मुले बरी होतात. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडले, ते प्रार्थना व औषध एकत्र नांदतात या विश्वासाने. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोग्यांची सेवा करीत आहे. जानेवारी २०२५ मध्ये बेळगावातही के.एल.ई. संस्थेच्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन झाले.

अशा घरी जाऊन “कोणाचे पाप?” असे आपण विचारू नये. शिष्यांनी तेच विचारले, तेव्हा प्रभूने आईबापांना व मुलाला दोष दिला नाही (योहान ९:१-३). हा रोग शापाने होत नाही, पडल्यानेही होत नाही. पडल्यामुळे फक्त सुजेकडे लक्ष जाते. निपाणीतील तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आईनेही स्वतःला दोष देऊ नये.

कधी पाऊल गमवावे लागते. मफीबोशेथ दोन्ही पायांनी लंगडा होता, तरी दावीदाच्या मेजावर त्याची जागा ठरलेली होती. कृत्रिम पाय डॉक्टर देतील. मेजावरची जागा मंडळीने द्यायची आहे. उपचार बहुधा आठ-दहा महिने ते वर्षभर चालतात. त्या काळात प्रवासखर्च, डबा, रुग्णालयातील सोबत आणि मागे राहिलेल्या भावंडांची काळजी या गोष्टी आपल्या प्रार्थनेचाच भाग आहेत.

शब्बाथशाळेसाठी प्रश्न

१. आसाचा नेमका दोष कोणता?
२. आपल्या वर्गातील एखादे मूल बरेच दिवस लंगडत असेल, तर शिक्षकाने काय करावे?
३. आपल्या मंडळीत मफीबोशेथाची जागा कोठे आहे?